मी उठले, पण कुणी बसवलं नाही

आमच्या विहार समितीच्या सचिवांनी मला फसवलं. विहारामागच्या खोलीत राहणाऱ्या एका आजारी बाईलाही माझ्याबरोबर फसवलं, पण तिला शब्द मी दिला होता, म्हणून आधी मला. एवढं मी ठामपणे लिहू शकते. याच्यापुढचं काही ठाम लिहायला गेले की हात थांबतो. दोन आठवडे झाले, मी तीच गोष्ट उलटीसुलटी करून पाहते आहे आणि दर वेळी ती वेगळीच निघते.

मी मटरचा व्यापार करते. थंडी सुरू झाली की शहराबाहेर पनागरच्या बाजूला शेतावर जाऊन उभ्या पिकाचा सौदा करते, आणि उरलेले महिने जी भाजी परवडेल ती उचलते. सुरुवात आमच्याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात जमिनीवर पोतं अंथरून केली. आज माझ्या मालाच्या दोन गाड्या चालतात. यात कुणाचा हात नाही, कुणाची ओळख नाही. जे आलं ते सौदा करता आल्यामुळे आलं.

शेतावरचा सौदा असा असतो. शेतकरी भाव सांगतो, मी माझा सांगते, तो मान हलवतो. मग मी उठते. पदर झटकते, पिशवी उचलते आणि बांधावरून चालायला लागते. दहा-बारा पावलं गेले की मागून हाक येते, "अरे बाई, सुनो तो सही!" मग मी थांबते, पण लगेच वळत नाही. उठणं म्हणजे निघून जाणं नव्हे. उठणं म्हणजे माझं बोलून झालं, आता तू बोल. हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. इतक्या वर्षांत एकदाही असं झालं नाही की मी उठले आणि हाक आली नाही.

समितीतही हेच चालायचं. आमची समिती म्हणजे विदर्भातून आलेली साठ-सत्तर घरं. बरेचसे फॅक्टरीत होते, काही रेल्वेत, काही मास्तर, आणि एक मी भाजीवाली. सभा विहारात सतरंजीवर व्हायची. आधी वंदना, मग चहा, मग भांडण. भांडण वाढलं की कुणीतरी रुसून उठायचं. मी तर हमखास. चपला दारात काढलेल्या असायच्या आणि माझ्या चपलेला पट्टा आहे. तो पट्टा लावायला मी जेवढा वेळ घ्यायचे तेवढ्यात आतून अध्यक्षांचा आवाज यायचा, "अरे, ताईंना बसवा कुणीतरी." कुणीतरी उठून हाताला धरायचं. "चला ताई, बसा. चहा थंडा हो रहा है." मी परत यायचे, आणि मधला काहीतरी मार्ग निघायचा. बायकांच्या संडासाचं दार असंच झालं. माईकचा सेट असाच आला. स्वतः सचिव दोनदा उठले होते, एकदा तर पायरी उतरून सायकलपर्यंत गेले होते आणि त्यांना आणायला मीच गेले होते. माणूस उठलेला असेपर्यंत ठराव होत नाही, हा आमचा नियम. तो कुठल्या कागदावर नाही, पण सगळ्यांनी पाळला.

मग लॉकडाऊनमध्ये सभा फोनवर आली आणि लॉकडाऊन संपला तरी फोनवरच राहिली. मी सुरुवातीला तक्रार केली नाही. गुडघे दुखतात, दुकान सोडता येत नाही, बरंच झालं. पण त्या सभेत मला कधी नीट कळलं नाही की मी कुठे बसले आहे. सतरंजीवर माझी जागा ठरलेली होती, खांबाला टेकून. इथे मी कधी वरच्या ओळीत, कधी खालच्या, कधी दुसऱ्या पानावर. वंदना सुरू झाली की चाळीस घरांतून चाळीस आवाज निघतात आणि एकही दुसऱ्याशी जुळत नाही. कुणी शेवटच्या ओळीवर पोचलेलं असतं तर कुणी अजून हात जोडून पहिल्याच शब्दावर. शेवटी सचिव सगळ्यांचे आवाज बंद करतात आणि एकटेच म्हणतात. आम्ही ओठ हलवतो.

आता खोलीबद्दल सांगते. विहारामागे एक लांबट खोली आहे, तिच्यात सहा खाटा. मेडिकल कॉलेज तिथून चालत दहा मिनिटं. गोंदिया, बालाघाटकडून आपली माणसं इलाजाला येतात आणि त्या खोलीत राहतात. मी स्वतः या शहरात आले तेव्हा नवऱ्याबरोबर तिथे पाच महिने काढले आहेत. सचिवांना ती खोली कार्यक्रमांसाठी हवी होती. कार्यक्रम म्हणजे ऑनलाइन. मागे हिरवा पडदा, समोर दिवे, कॅमेरा, भिंतीला आवाज न घुमण्यासाठी जाड गाद्या. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हेही लिहिते. विहारात व्याख्यान ठेवलं की पंचवीस माणसं येतात, तीही चहाच्या वेळेला. तेच व्याख्यान फोनवर ठेवलं की पुण्याला, बंगळुरूला गेलेली पोरं बघतात, सासरी गेलेल्या मुली बघतात. आणि खोली वर्षातले कितीतरी महिने रिकामी असते, हेही खरं.

पण त्या महिन्यात ती रिकामी नव्हती. बालाघाटकडचं एक जोडपं तिथे राहत होतं. बाईला गळ्याचा कॅन्सर, रोज शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला मेडिकलमध्ये जायचं. अजून अकरा शेक बाकी होते. मी दर दोन दिवसांनी भाजी घेऊन जायचे. खोलीबद्दल काहीतरी चाललंय, हे तिच्या कानावर गेलं होतं. तिने विचारलं, "ताई, आमाले काढून देतीन का हो?"

"कोण काढते? मी सभेत आहे ना," मी म्हणाले. "तुझा शेक पूर्ण होईपर्यंत खोलीला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द."

सौद्यात मी शब्द सहज देत नाही. तिला दिला, कारण मला सभेची खात्री होती. मी बोलेन, ते ऐकणार नाहीत, मी उठेन, ते बसवतील, आणि दोन महिने पुढे ढकलू असं ठरेल. मला सगळा रस्ता दिसत होता.

सभा रविवारी सकाळी अकराला होती. मी स्वयंपाकघरात ओट्याला फोन टेकवून बसले. मुलगी बाजूला भाजी निवडत होती. तिची मराठी अर्धी आणि हिंदी पूर्ण, पण अशा सभेतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सचिव विहारातच लॅपटॉप घेऊन बसले होते, कारण तिथलं नेट चांगलं. त्यांनी हिरव्या पडद्याचं चित्र दाखवलं. चित्र आलं तशी सगळी माणसं बारीक होऊन कडेला गेली.

मी म्हणाले, "सचिव, खोलीत माणूस आहे. आजारी आहे."

"ताई, त्यांच्यासाठी आपण दुसरी व्यवस्था पाहू."

"कोणती?"

"पाहू ना."

"पाहू म्हणजे काय? कुठे, सांगा. कोणाच्या घरी? तुमच्या?"

"ताई, तुम्ही गरम होऊ नका. कारागीर गुरुवारी येऊन राहिले. तारीख मिळत नव्हती, मोठ्या मुश्किलीने मिळाली."

"म्हणजे ठराव व्हायच्या आधीच कारागीर सांगितला?"

यावर कुणीतरी हसलं. कोण हसलं ते कळलं नाही. विहारात कोण हसलं हे मला पाठ फिरवलेली असतानाही कळलं असतं. मी म्हणाले, "अकरा शेक राहिले आहेत. महिनाभर थांबला तुमचा पडदा तर काय कुजतो?" सचिव म्हणाले, "ताई, सगळ्यांना बोलू द्या ना. एकट्याच बोलून राहिल्या तुम्ही." आणि माझ्या माईकच्या चिन्हावर काट आली, आवाज बंद. मी ओठ हलवत होते.

तेव्हा मी उठले. म्हणजे, जसं उठायचं तसं. आवाज परत सुरू केला, "असं असेल तर मी निघते," एवढं म्हणाले आणि लाल बटण दाबलं.

मुलगी म्हणाली, "आई! ये क्या किया? तू तो बाहर हो गई."

"माहीत आहे. आता बोलावतील."

"कौन बुलाएगा?"

"कुणीही. अध्यक्ष बोलावतील. फोन येईल बघ."

मी फोन हातात धरून बसले. घरातल्या घरात कुठे चालणार? दारापर्यंत जाऊन आले. चपला घालाव्यात असंही वाटून गेलं, मग माझंच मला विचित्र वाटलं. फोन वाजला नाही. पाच मिनिटं झाली असतील. एकदा वाजला, तो गाडीवाल्याचा होता, त्याच्यावर मी उगाच ओरडले.

"आई, वापस जा," मुलगी म्हणाली. "उनको पता भी नहीं होगा तू गुस्से में गई. उनको लगेगा नेट गया."

"मी म्हणाले ना निघते म्हणून!"

"सुना होगा तो."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आवाज सुरू केला होता की नाही? माईकचं बटण हिरवं होतं की लाल? मला आठवेना. निघते म्हणाले ते चाळीस घरांत ऐकू गेलं की फक्त माझ्या ओट्यावर?

मग मी ती गोष्ट केली जी कोणत्याही बांधावर, कोणत्याही सभेत कधी केली नव्हती. कुणी बोलावलेलं नसताना परत गेले. लिंक दाबली. पण सभा उघडली नाही. पांढऱ्या पडद्यावर अक्षरं आली की थांबा, आयोजक तुम्हाला थोड्या वेळात आत घेतील. मी म्हटलं, ठीक आहे, दारात तर आले. मुलीने सांगितलं की आता सचिवांच्या पडद्यावर माझं नाव दिसत असेल, शिवाय घंटी वाजते. त्यांनी फक्त हो म्हणायचं.

तेवीस मिनिटं मी त्या दारात होते. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं होतं म्हणून माहीत आहे. मुलगी म्हणाली, सचिवांना फोन लाव. नाही लावला. परत आले हेच माझ्या हिशोबाने जास्त झालं होतं, वरून फोन करून दार उघडा म्हणायचं? अध्यक्षांनाही नाही केला. आज वाटतं करायला हवा होता. त्या वेळी वाटलं नाही. मग अक्षरं बदलली. सभा संपली आहे.

दुपारी ग्रुपवर ठराव आला. खोली कार्यक्रमांसाठी देण्याचं उपस्थित सदस्यांच्या सर्वानुमते ठरलं. मी तो सर्वानुमते शब्द पुन्हा पुन्हा वाचला. मी उपस्थित होते की नव्हते? गेले होते म्हणावं तर दारात होते. होते म्हणावं तर माझं मत कुठे आहे?

मी सचिवांना फोन लावला. सुरुवातच वरच्या पट्टीत केली.

"मला आत काहून नाही घेतलं?"

"कुठं आत, ताई?"

"सभेत! तेवीस मिनिटं दारात उभी होती मी."

"अरे! तुम्ही परत आल्या होत्या? मी तर पडद्याचं चित्र दाखवून राहिलो होतो, त्यात बाजूचं काही दिसत नाही. मले वाटलं तुमचं नेट गेलं."

"मी निघते म्हणाले, ते ऐकलं का?"

"ते ऐकलं असं वाटते. पण तुम्ही तर नेहमीच म्हणता, ताई."

आता हे दोन्ही एकदम खरं कसं असेल? नेट गेलं वाटलं तर निघते ऐकलं नाही, आणि निघते ऐकलं तर नेट गेलं कसं वाटलं? मी हे त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अच्छा, तुम्ही आता रागात आहात, नंतर बोलू."

संध्याकाळी मी अध्यक्षांच्या घरी गेले. ऐंशीच्या पुढचे आहेत, मुख्याध्यापक होते, खोटं बोलत नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "ताई, मी म्हणालो होतो. ताईंना बसवा कुणीतरी, असं म्हणालो."

"मग?"

"माझा आवाज बंद होता म्हणे. नातवाने नंतर सांगितलं. आणि बसवा म्हणजे तरी काय, ताई? कुणी उठून कुठे जाणार होतं? मी वाट पाहिली. मला वाटलं, तुम्ही पट्टा लावत असाल."

त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. तिथून निघाले तेव्हा जास्तच गोंधळले होते. एक माणूस मला बसवत होता आणि त्याचा आवाज बंद होता. मी दारात उभी होते आणि दार दिसत नव्हतं. मग मला बाहेर ठेवलं कोणी? मशीनने? मशीनचं माझ्याशी काय वाकडं?

पण सचिवांनी कारागीर आधीच सांगितला होता. दर वेळी माझं मन इथे येऊन परत घट्ट होतं.

विहाराच्या खोलीत गेले तर ती बाई खाटेवर पाय दुमडून बसली होती आणि तिचा नवरा भांडी पोत्यात भरत होता. सभा चालू असताना तो हॉलच्या कोपऱ्यात बसला होता, सचिवांपासून चार हातांवर. मी त्याला विचारलं, काय काय झालं ते सांग.

"मले त्यातलं समजत नाही, ताई."

"जे दिसलं ते सांग."

"तुमचा आवाज आला, मंग बंद झाला. मंग साहेब बोलत होते. मंग टिंग वाजलं. साहेबांनी पाह्यलं, चष्मा काढला, पुसला."

"टिंग वाजल्यावर पाहिलं? नक्की?"

"पाह्यलं असंन." त्याने बायकोकडे बघितलं. "नसंन बी. मी भांडणात नाही पडत ताई, आमाले इथंच यावं लागते."

बाईचा आवाज शेकाने बसलेला होता. ती हळू बोलली, पण बोलली. "ताई, तुमी उठून गेल्या काहून? बसून राह्यल्या असत्या तर?"

मी तिला काय सांगणार? शेतावर उठतात, समितीत उठतात, उठल्यावर हाक येते, हे सगळं तिला सांगायला लागले आणि मधेच थांबले. ते मलाच खुळचट वाटलं. मी फक्त म्हणाले, "चल, माझ्या घरी."

कारागीर गुरुवारी आले. बुधवारी मी गाडी पाठवून दोघांना घरी आणलं. बाहेरच्या खोलीत खाट टाकली आहे. पण माझं घर गोरखपूरच्या बाजारात, मेडिकल इथून दूर. पूर्वी ती सावलीतून दहा मिनिटं चालत जायची, आता रोज ऑटोत. खड्डा आला की तिला गळ्यात कळ येते, आणि येताना उलटी होते. मागच्या आठवड्यात दोन दिवस ती गेलीच नाही. "उद्या जातो," म्हणाली. मी चिडले. माझा शब्द टिकला असता तर ती आताही चालत खोलीवर परतत असती.

मी समितीला लेखी दिलं आहे. विचारलं आहे की माणूस उठलेला असताना ठराव झाला कसा. सचिवांचं उत्तर आलं की असा नियम समितीच्या घटनेत नाही, तरी ताईंचा विषय पुढच्या रविवारच्या ऑनलाइन सभेत घेऊ. मुलगी ते वाचून हसली. मी नाही हसले.

तर सचिव, मी त्या सभेला येणार नाही. मला माझ्या रागाचा खुलासा करायचा नाही आणि तुमचं नेट, चित्र, आवाज यांचाही ऐकायचा नाही. त्यात मी हरते, कारण मला ते कळत नाही. तुम्ही विहारात या. सतरंजी टाका, अध्यक्षांना बसवा, त्या जोडप्याला बसवा, आणि सगळ्यांच्या तोंडावर एवढंच सांगा: टिंग वाजलं तेव्हा तुम्ही माझं नाव पाहिलं की नाही? पाहिलं असेल तर बाईला सांगा की तिची खाट तुम्ही काढली. पाहिलं नसेल तर ते तिला सांगा, आणि मग तिचे चुकलेले दोन शेक कोणाच्या नावावर लिहायचे तेही सांगा. माझ्या नावावर लिहायचे असतील तर तसं म्हणा. पण कुणीतरी म्हणा.